पाव वाजवून पाहताना

बाबा गेले आणि आमची बेकरी आठ महिने बंद राहिली. पाव फुगवायच्या त्यांच्या आंबवणाची बरणी फ्रिजमध्ये तशीच पडून होती. शेवटी मीच ती बाहेर काढली. वर साचलेलं काळं पाणी ओतून टाकलं आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कोंड्यासकट गव्हाचं पीठ आणि कोमट पाणी घालत राहिले. चौथ्या दिवशी आंबवण फुगून दुप्पट झालं.

"जीव धरला गं त्यानं," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच आंबवणाचा पाव भट्टीतून निघाला. आईनं तो उलटा करून बुडाशी बोटानं टकटक केली. नीट भाजलेला पाव पोकळ वाजतो. हाही वाजला.

मग आतून कुणीतरी तशीच टकटक केली.

"आई, दूर हो!" मी ओरडले.

आईनं पाव तसाच गरम गरम उचलून कानाशी धरला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एकटेच आहात का?"

आतून एकदा टकटक झाली. मग त्या टकटकीच्या शेजारून आणखी एक, अगदी हलकी, लहान मुलाच्या बोटांची.

आईचे डोळे भरून आले. "भेटलात ना दोघं एकदाचे!"

मी त्यांचं एकुलतं एक मूल आहे, असं समजूनच मी वाढले होते.