स्टिअरिंगमधले संत्रे

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दुपारी, ब्रेमेनहून हाम्बुर्गकडे जाणाऱ्या महामार्गावर हेनिंगने स्टिअरिंगच्या आऱ्यात नेहमीप्रमाणे संत्रे अडकवले आणि तो दोन्ही हातांनी पाव खाऊ लागला. त्या वजनालाच चालकाचे हात समजून गाडी आपली आपण रस्ता धरत असे. हात सुटले, की मात्र भोंगा वाजवी.

"मागे यान्ना झोपलीय! पोटच्या पोरीचा जीव फळाच्या हवाली करतोस?" विबके कडाडली.

"फळ निदान ओरडत तरी नाही, राणीसाहेब."

नवऱ्याच्या या उत्तरासरशी तिने संत्रे उपटून पायाशी आपटले आणि दात खात भोंग्याची वाट पाहिली. भोंगा वाजला नाही. गाडीच्या पडद्यावरचे हातांचे चिन्ह हिरवेच राहिले.

"गाडीलाही निर्लज्ज केलंस!"

हेनिंगचे दोन्ही हात अजून पावावरच होते. त्याने पाव टाकून स्टिअरिंग धरले आणि पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली.

मदतीला आलेल्या मेकॅनिकला विबकेने, यान्नाला कडेवर घेऊन, संतापाने सगळे सांगितले. त्याने तिघांना दूर उभे केले, रिकाम्या गाडीला उघड्या दारातून यंत्र जोडले, तपासले आणि पुन्हा तपासले.

"बिघाड काही नाही, बाई," तो म्हणाला. "स्टिअरिंगवर दोन हात आहेत."