उसनं हाड

"हाड माझं घ्यायचंय ना? मी तिची बहीण." वॉर्डच्या दारातूनच नॅन्सीनं नर्सला सांगितलं.

पलंगावर पडलेल्या मरियानं आवाज ओळखला, पण तिकडं पाहिलं नाही. जरा हललं की कमरेतली कळ थेट पोटरीत उतरायची. आणि पाहावं असं तिला वाटलंही नाही.

आईच्या दफनापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, नगरला मरियाच्याच घरी. मरिया नागापूरच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं पॅकिंग करायची आणि घरी आली की आईला उचलायची. बसवायची, न्हाणीत न्यायची, कूस बदलायची. आई अंगानं जड. धाकटी नॅन्सी कोपरगावात. कधी तिच्या सासूचं दुखणं, कधी पोरांच्या परीक्षा. ती उगवली ती थेट दफनाला. पेटीवर माती पडत होती, आणि सगळ्या मंडळीदेखत मरिया म्हणाली, "आता कशाला आलीस? आता ती कुनाला जड न्हाई." नॅन्सी तिथूनच माघारी गेली. जेवायलाही थांबली नाही.

पुढं मरियाचा मणका सरकला. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला. आता ऑपरेशन उद्यावर आलं होतं. दोन मणके स्क्रूनं बांधायचे आणि मधे हाड भरायचं, एवढंच तिनं ऐकलं होतं. बाकीचं ऐकायचं त्राण तिच्यात नव्हतं. डॉक्टरांशी काय ते बोलणं नवरा, बेंजामिन, करायचा. तसा तो कमी बोलणारा. बहिणींच्या भांडणातही तो कधी पडला नव्हता.

नॅन्सी पलंगापाशी आली. "दाजींचा फोन आला. म्हनले, हाड लागनार हाय आनि रक्ताचं मानूस आता तूच एक." ती थांबली. "सकाळपासून पानीबी घेतलं न्हाई मी. उपाशीपोटी लागतं ना?"

मरियानं नवऱ्याकडं पाहिलं. तो खिडकीपाशी टॉवेलाची घडी घालत होता.

"मला नको कुनाचं काही," मरिया म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. चिडायलाही कमरेत बळ लागतं.

"आक्का, आईला उचलायला आले न्हाई मी. हाड तरी घे."

मरियानं डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं तिनं मनात बोलणी घोकून ठेवली होती. नॅन्सी समोर आली की हे बोलायचं, ते बोलायचं. त्यातलं एकही आता ओठावर येईना. ती फार दमली होती.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आल्या. त्यांनी नॅन्सीचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, कुणाचंच हाड काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी पेशंटच्याच खुब्यातून काढायचो. यांना आपण कृत्रिम हाड वापरतोय. पांढरे दाणे असतात, जाडसर रव्यासारखे. ते दोन मणक्यांच्या मधे भरायचे. मग यांचं स्वतःचं हाड हळूहळू त्यांच्यात वाढतं आणि दोन्ही मणके एक होतात. बहिणीचं हाड असं कधी घेत नाहीत."

नॅन्सीचा चेहरा पडला. आपण आणलेली भेट कुणी परत करावी, तसा. "म्हंजे माझा काहीच उपेग न्हाई," ती म्हणाली आणि खांद्यावरची पिशवी सावरून दाराकडं वळली.

मरियानं डोळे उघडले. कळ आली तरी मान वळवली आणि पहिल्यांदाच बहिणीकडं नीट पाहिलं. नॅन्सीचे केस पांढरे झाले होते. वळताना तीसुद्धा एक हात कमरेवर ठेवून वळत होती.

"बस," मरिया म्हणाली. "कुटं चाललीस उपाशी? ह्यांना कधी धड काही कळतंय का? ऐकलं एक आनि फोनवर सांगितलं भलतंच. उगं पळवलं तुला."

नॅन्सी पलंगाच्या कडेवर टेकली. मरियाचा हात चादरीवर पडला होता. तो नॅन्सीनं हातात घेतला. मरियानं काढून घेतला नाही.

डॉक्टर एक्स-रे उजेडाकडं धरून पाहत होत्या. त्या गोंधळून बेंजामिनकडं वळल्या.

"पण काका, परवा मी तुम्हालाच समजावलं होतं ना? त्या दाण्यांची बाटलीसुद्धा बघायला हातात दिली होती. बाहेरचं कुणाचं हाड लागत नाही, हे तुम्हीच मला दोनदा विचारून घेतलंत."

"व्हय, घेतलं," बेंजामिन म्हणाला आणि खिडकीतला जेवणाचा डबा उघडून नॅन्सीपुढं धरला. "जेव आधी."