उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट

पातेल्यातलं पाणी अजून कोमटही झालं नव्हतं, आणि थर्मोस्टॅटचं तोंड उघडं होतं.

त्याने गॅस बंद केला. थर्मोस्टॅट चिमट्याने उचलला, पुसला, गार पाण्याच्या नळाखाली धरला. तरी तेच. चांगला असता तर गार पाण्यात घट्ट मिटून बसला असता आणि पाणी ऐंशी अंशांच्या वर गेल्यावर हळूच उघडला असता. इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. हा मात्र कायमचा आ वासून बसला होता. म्हणूनच ती मोठी टूरिंग मोटरसायकल हायवेवर तापत नव्हती. तासभर पळवली तरी तापमानाचा काटा तळाशी, पेट्रोल मात्र ढोसत होती.

दोष शोधायला त्याला पाऊण तास लागला. बायकोला तो पाच आठवडे सापडत नव्हता.

हे शक्यच नव्हतं. पातेल्यातली ही परीक्षा त्यानेच तिला शिकवली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तेव्हा गॅरेजमधली इंजिनं तो बघायचा. ती शेजारी उभी राहून पाने हातात द्यायची. बघता बघता तिचा हात बसला, आणि गिऱ्हाइकं दारातूनच विचारायला लागली, "वहिनी आहेत का?" मग त्याने डेंटिंग-पेंटिंगचं काम घेतलं. आपणहून घेतलं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

तिने त्या गाडीचा सेन्सर बदलला. मग एक वायर बदलली. मग कूलंट नवीन भरून आतली हवा काढली. आणि दर खेपेला टेस्ट राइड. "हा दोष हायवेवरच दिसतो," म्हणायची आणि हेल्मेट चढवून निघायची, ती दोन-अडीच तासांनी परत. आली की चेहरा उजळलेला. स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची.

गाडीचा मालक एक दाढीवाला होता. दर चार दिवसांनी यायचा, स्टुलावर बसून तिच्याशी गप्पा मारायचा, निघून जायचा. त्याचं जाणं आणि तिचं निघणं यांत जेमतेम दहा मिनिटांचं अंतर. नवऱ्याने ते घड्याळात पाहिलं होतं. एकदा त्याने गाडीच्या मागच्या सीटवरची धूळ तपासली. धूळ जशीच्या तशी होती. म्हणजे मागे कुणी बसलं नव्हतं. पण त्याचं समाधान झालं नाही. वाटेत कुठेतरी भेटत असतील, असं त्याच्या मनाने घेतलं. एकदा ती अंघोळीला गेली असताना त्याने तिच्या जॅकेटला नाक लावलं. पेट्रोल, धूळ, घाम. तरी त्याने ते पुन्हा एकदा हुंगलं.

काल ती बहिणीकडे गेली आणि आज सकाळी त्याने गाडी खोलली.

दुपारी दाढीवाला आला, जरा लंगडतच. नवऱ्याने त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"एवढ्या चकरा कशाला मारता? फोन केला असता तरी भागलं असतं."

दाढीवाल्याने भिंतीचा आधार घेतला. "दादा, पुढच्याच गल्लीत माझी फिजिओथेरपी असते. इथून उठतो आणि तिथे तासभर पाय बांधून पडतो. कंबर गेलीय माझी. डॉक्टरांनी दोन चाकं कायमची बंद केली. गाडी विकायला काढलीय. घेणारा तयार आहे, फक्त तो काटा वर यायला हवा. वहिनींना पहिल्याच दिवशी सांगितलंय मी."

नवऱ्याने घाईघाईने स्टूल पुढे सरकवलं. मग चहा केला. दाढीवाल्याला त्याने दोनदा बिस्किटं दिली आणि जाताना हाताला धरून पायरी उतरवली. तो वळणाआड गेल्यावर मात्र त्याला एकट्यालाच हसू फुटलं. गाडी दुरुस्त झाली की जाणार, म्हणून ती दुरुस्तच करत नव्हती. वेडी कुठली. जीव जडला होता तो लोखंडावर, आणि आपण इथे महिनाभर माणसावर दात खात बसलो होतो.

संध्याकाळी बायको आली. थर्मोस्टॅट टेबलावर समोरच होता. तिने पाहिला. पिशवी खाली ठेवली.

"चोरी पकडली गेली तुझी," तो हसत म्हणाला. "गाडी एवढी आवडली तर सांगायचं ना. आपण घेऊ एखादी, जरा लहान. आणि मी बावळट, काय काय डोक्यात घेऊन बसलो होतो. त्या बिचाऱ्याला तर धड वाकताही येत नाही."

ती हसली नाही.

"नवा खालच्या खणात आहे," ती म्हणाली. "महिना झाला आणून. त्यांची माफी मागते मी आणि उद्या बसवून देते."

"देऊ गं सावकाश. पण एवढं लांब जायचीस तरी कुठे?"

"टोलनाक्याच्या पुढे रस्ता फुटतो, तिथपर्यंत. गाडी कडेला घेते. इंजिन बंद करते. बसते."

"नुसती बसतेस?"

"घरी परत यायचं का, ते ठरवते," ती म्हणाली. "आजपर्यंत आले."