बाटली हलवू नये

कैद्याने स्टीलचा ट्रे उचलला आणि नर्सच्या तोंडावर हाणला. तिचा ओठ फाटला. ट्रेमधली औषधाची बाटली फरशीवर फुटली. दारातल्या पोलिसाने धावत येऊन त्याच्या पाठीत काठी घातली. एक हात खाटेला बेडीने जखडलेला, तरी त्याने दुसऱ्या हाताने पोलिसाची गचांडी धरली. शेवटी त्याचं हृदयच दगा देऊन गेलं. ओठ काळेनिळे पडले आणि तो आडवा झाला.

तुरुंगाचा अधिकारी शांतपणे आत आला.

"औषध नको असेल तर स्पष्ट सांग. आत्ता गाडीत घालून परत नेतो."

कैदी एकदम मऊ पडला. "नको साहेब. घेतो मी."

डॉक्टरांनी प्रयोगशाळेत निरोप धाडला, दुसरी बाटली तयार करा. औषध बनवणारी बाई मुकाट्याने उठली.

कैदी तिचा भावोजी होता. इस्पितळात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं नाही, त्यानेही नाही. त्याने तिच्या ताईला आणि ताईच्या लेकीला कपड्यांच्या इस्त्रीने ठेचून मारलं होतं. खटला चालला तेव्हा ती रोज कोर्टात मागच्या बाकावर बसायची. तिथला शब्दन् शब्द तिला पाठ होता.

आता त्याचं हृदय ढिल्या पिशवीसारखं झालं होतं. त्याला बळ देणारं जनुक आत पोचवायला नेहमी वापरतात तो विषाणू चालेना. त्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध आधीच फौज उभी होती. म्हणून डॉक्टरांनी ते जनुक चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळलं होतं. नळीवाटे ते हृदयाच्या स्नायूत सोडायचं. काम नाजूक. बाटली जोरात हलवली की थेंब फुटणार आणि औषधाचं नुसतं पाणी होणार. दिसायला बाटली तशीच, कुणाला पत्ताही लागला नसता. डॉक्टरांनी हे सारं कैद्यालाही हौसेने समजावलं होतं.

तिच्या आईने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ज्या हातांनी ताईची वेणी घातलीस त्याच हातांनी त्याला औषध देतेस, एवढं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. माझ्या हातांवर विश्वास ठेव, असं ती म्हणाली, पण आईने कूस बदलली नाही.

बाटली घेऊन ती खाटेशी आली. डॉक्टर हात धूत होते.

"काय मेव्हणीबाई," भावोजी पुटपुटला. "हलव की एकदा. कोण बघतंय?"

तिने बाटलीचं झाकण कापसाने पुसलं.

"पोरगी टेबलाखाली लपली होती. पायाला धरून ओढली मी. मावशी, मावशी करत होती. तुला हाका मारत होती गं."

तिची बोटं पांढरी पडली. शेजारी कात्री होती. ती त्याच्या गळ्यात मुठीपर्यंत रुतलेली तिला स्पष्ट दिसली; उडणारं रक्तही दिसलं. क्षणभर तिचा हात खरंच तिकडे वळला.

मग तिने श्वास घेतला आणि झोपलेल्या तान्ह्याला कुशीवर वळवावं तशी बाटली हलकेच कलती केली. एक थेंब फुटू दिला नाही. भावोजीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

त्यानंतरचे डोसही तिनेच बनवले. त्याच्या पायांची सूज उतरली, ओठांना रंग आला. डॉक्टर तर हरखूनच गेले.

शेवटच्या तपासणीला त्यांनी त्याला जिना चढायला लावला. अर्ध्यावर तो छाती धरून बसला, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागला. छातीला लावलेलं यंत्र मात्र संथ, दमदार ठोके दाखवत राहिलं.

"उठा, सोंग पुरे," डॉक्टर हसले. "हृदय ठणठणीत आहे तुमचं."

भावोजीने पायरीवरूनच शेजारी उभ्या मेव्हणीचे पाय घट्ट धरले आणि रडत राहिला. बघणाऱ्या नर्सचेही डोळे पाणावले. मेव्हणीने वाकून त्याचं एकेक बोट सोडवलं.

"भावोजी, आता जिना चढताना दम लागायचा नाही तुम्हाला," ती म्हणाली.

तुरुंगाच्या अधिकाऱ्याने टोपी डोक्यावर चढवली.

"आजारी माणसाला फासावर देता येत नाही, म्हणून अडलं होतं," तो डॉक्टरांना म्हणाला. "आता तारीख मागतो."