उरलेला एक

“अजून किती राहिले?” साहेबांनी विचारलं.

“तीन,” इंजिनियर म्हणाली.

दुपार कलत आली होती. ज्यांना मन मोकळं करायला कुणी नाही अशी माणसं ज्या हेल्पलाइनवर समुपदेशकांशी लिहून बोलत, तिचा प्रोग्राम आज बदलायचा होता. नवा सर्व्हर सुरू झाला होता आणि नव्याने येणारे तिकडे जात होते. जुन्यावर आधीचे संवाद अजून चालू होते. शटर अर्धं खाली ओढायचं, पण आत असलेल्या गिऱ्हाइकाला हाकलायचं नाही, तसा प्रकार. शेवटचा माणूस निघाला की जुना सर्व्हर बंद करायचा.

कोण काय लिहितंय हे तिला दिसत नसे. दिसायचा तो नुसता आकडा.

तिनाचे दोन झाले, दोनाचा एक. मग मात्र आकडा जो अडला, तो हलेना.

साहेब समोरच्या टेबलाशी मान खाली घालून मोबाइलवर टाइप करत होते. बायको गेल्यावर हा माणूस आठव्या दिवशी कामावर हजर झाला होता. साहेबांच्या डोळ्याला पाणी ठाऊक नाही, असं ऑफिसात मागे बोललं जाई. वीस मिनिटांनंतर जो उरेल त्याला तोडायचं, हा नियमही त्यांचाच.

“वीस झाली,” ते वर न बघता म्हणाले. “तोडा.”

तिने समजावून सांगितलं की आता तोडलं तर समोरच्याचं लिहिलेलं सगळं जाईल आणि त्याला दुसऱ्या कुणापाशी पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. साहेब म्हणाले, ज्याला यायचं तो येईल पुन्हा. एकासाठी किती खोळंबायचं?

तिची बोटं कीबोर्डवर गेली. दोन वर्षांत तिने साहेबांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

“सर, असलं काही एकदा सांगतानाच माणसाचा जीव मेटाकुटीला येतो,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा नाही सांगत कुणी. उशीर माझ्या नावावर लिहा. मी तोडणार नाही.”

आता शब्दाने शब्द वाढणार असं तिला वाटलं. पण साहेबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली. ते भराभर लिहू लागले. आपल्याविरुद्धचं पत्र वर चाललंय, हे ती समजून चुकली. तिने मन घट्ट केलं आणि आकड्याकडे बघत बसली.

अर्धा तास गेला. तिचा चहा पेल्यातच गार झाला. मग अलगद शून्य उमटलं.

तिने जुना सर्व्हर बंद केला आणि सांगायला साहेबांच्या टेबलाशी गेली. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला होता. मोबाइल उजळलेलाच होता, आणि त्यावर हेल्पलाइनचं पान होतं: ‘हा संवाद संपला आहे. वाटेल तेव्हा पुन्हा या.’