न्यूट्रिनोची पोपटी

भांबुर्ड्याचा पाला. दक्षिण ध्रुवावरचा बर्फ. वालाच्या शेंगा. दूरच्या आकाशगंगेतून आलेले न्यूट्रिनो. ते कण प्रणिताने बर्फात शोधले, म्हणून बाबांनी रोह्याजवळ शेतात पोपटी, म्हणजे पाला लावून मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लावली होती. विस्तवातलं मडकं पाहून काकाला धीर निघेना. “उघड की आता, दादा!” “गप रे हावरटा! आधी उघडलं तर शेंगा कच्च्याच ऱ्हातील,” म्हणत बाबांनी मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज येतो का ते ऐकलं. “तुमच्या शोधात पण आसंच ना गो?” शोधायची पद्धत पक्की होईपर्यंत उपकरणांच्या नोंदी उघडायच्या नाहीत, हा प्रणिताच्या गटाचा नियम. तिने त्या चोरून पाहिल्या होत्या आणि न्यूट्रिनो दिसतील अशीच पद्धत बेतली होती. “नाय बाबा, मी आधीच उघडलं.” काका खो-खो हसला. बाबांचा हात थांबला. वरसे नाक्यावर तिच्या अभिनंदनाचा फलक सकाळीच लागला होता.