चौदा किलो

नवजात बाळांच्या विभागात आता औषधं कॉम्प्युटरवर लिहायची. ‘नव्या पद्धतीवर समाधानी आहात का?’ असा फॉर्मही आम्हा नर्सना आला होता. बाकी सगळ्यांनी ‘नाही’ लिहून टाकलं होतं.

काचेच्या पेटीतली मुलगी नऊशे ग्रॅमची. मी वजन भरलं. पडद्यावर उमटलं, चौदा किलो.

“डोकं फिरलंय याचं,” डॉक्टर वैतागले. “सिस्टर, परत भरा.”

परत भरलं. परत चौदा किलो. शेवटी त्यांनी डोस कागदावर लिहिला आणि ते गेले.

“सिस्टर, जगेल ना हो माझी चिमणी?” तिच्या आईनं दारातून विचारलं.

मी पेटीवरची चादर सारखी केली. माझी तीन वर्षांची लेक घरी चौदा किलोचीच आहे, कडेवरून उतरायचं नाव घेत नाही.

पडद्यावर पेटीतल्या मुलीच्या नावापुढे आपोआप एक औषध आलं होतं. तापाचं सिरप, एक चमचा. तारीख तीन वर्षांनंतरची.

मी फॉर्मवर ‘नाही’ लिहायला पेन टेकवलं. कीबोर्डवर कुणाचाच हात नव्हता, तरी पडद्यावर औषधाखाली शेरा उमटत गेला, एकेक अक्षर: ‘कडू औषध थुंकते. गुलाबीच हवं म्हणून भोकाड पसरते.’

तेवढ्यात पेटीतून रडणं ऐकू आलं. जन्मल्यापासूनच्या नऊ दिवसांत पहिल्यांदाच.